दोघांच्या नावाचे पाकीट

मी एक जुनी टपालपेटी आहे. चौकात ऐटीत उभी राहून सगळ्या गावाची पत्रे पोटात घेते, ती मोठी पेटी मी नव्हे. मी घरगुती. एका बैठ्या घराच्या फाटकाशेजारी, भिंतीवर, दोन स्क्रूंच्या आधाराने टांगलेली. हातभर उंच, वीतभर रुंद. रंग हिरवा, तोही आता ठिकठिकाणी उडालेला. मित्रांनो, बाकीच्या वस्तू आपली गोष्ट सांगताना छाती पुढे काढतात. मला मात्र खालमानेनेच बोलावे लागणार आहे. माझ्या हातून एक वाईट काम झाले. मला हात नाहीत हे मला कळते, पण ते काम माझेच होते आणि ते आजतागायत कोणालाही ठाऊक नाही.

माझा जन्म जेवणाच्या दोन सुट्ट्यांत झाला. ज्याने मला घडवले, तो पत्र्याचे काम करणारा कारागीर. मोठमोठ्या इमारतींत हवा खेळवणारे चौकोनी नळ असतात ना, ते त्याच्या कारखान्यात बनत. त्याला आपण पत्रेवाला म्हणू. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणून ती चष्मेवाली. दोघांनी मिळून बँकेचे कर्ज काढले होते आणि हे घर घेतले होते. घराच्या कागदावर दोघांची नावे, कर्जाच्या कागदावरही दोघांची. घराची किल्ली हातात आली त्या दिवशी ती म्हणाली, "दार आहे, खिडक्या आहेत, पण पत्र यायला जागाच नाही. लोकांना कळणार कसं, आपण इथे राहतो ते?"

पत्रेवाल्याने हे मनावर घेतले. एका इस्पितळाच्या कामातून उरलेला पत्रा त्याने मालकाला विचारून घेतला. दोन दिवस डबा अर्धाच खाऊन तो माझ्यावर खपला. फाटकाजवळच्या भिंतीला ओल होती. ती पत्रांना लागू नये म्हणून त्याने माझ्या पाठीला दुहेरी पत्रा लावला आणि दोन पत्र्यांच्या मध्ये बोटभर जागा सोडली. या जागेचे वरचे चिंचोळे तोंड कथील वितळवून, म्हणजे डाख देऊन, बंद करायचे होते. तेवढेच काम बाकी होते. पण चष्मेवाली ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन फाटकात तयारच उभी होती.

"अरे, आधी लाव तरी. डाख काय, उद्या दे," ती म्हणाली.

त्याने मला लावले. तिने माझ्या छातीवर पांढऱ्या रंगात दोन नावे लिहिली, एकाखाली एक. रंग ओघळला म्हणून दोघे हसली. तो उद्या पुढे अकरा वर्षे उजाडला नाही.

पहिली काही वर्षे माझी फार सुखाची गेली. टपालवाले काका सायकल भिंतीला टेकवून म्हणत, "हिच्यात पाकीट मुडपावं लागत नाही. मोजून केलंय कुणीतरी." हे ऐकून माझा पत्रा उन्हात तापतो त्याहून अधिक तापायचा. मला दोन किल्ल्या होत्या. पत्रेवाला किल्ली हळूच फिरवायचा आणि महिन्यातून एकदा बिजागरीला तेलाचा थेंब द्यायचा. चष्मेवाली दार खसकन उघडायची आणि कोपराने धाडकन लावायची. मला दोन्ही हात ओळखीचे होते आणि दोन्ही आवडायचे. त्यांना मुलगी झाली, ती चालायला लागली, तेव्हा तिने माझ्या फटीतून पाने, पेन्सिलींची टोके आणि एकदा अर्धे बिस्किट आत टाकले. मुंग्यांनी मला आठवडाभर सोडले नाही. खारीसारखी जिथेतिथे वस्तू साठवते म्हणून तिचे नावच खारूताई पडले.

मग दोघांचे जमेनासे झाले. कसे ते मी सांगू शकत नाही. मी बाहेर टांगलेली. घरातले माझ्या कानावर येई ते फाटकापर्यंत पोचेल तेवढेच, आणि फाटकापर्यंत काही पोचलेच नाही. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने ते भिंतीला कान लावत, पण त्यांच्याही पदरी काही पडले नाही. एका संध्याकाळी दोघे फाटकाच्या पायरीवर येऊन बसली.

"आपण दोघंही तशी बरी माणसं आहोत," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पण एका घरातली नाही."

असा तो घटस्फोट ठरला. नीट, समजुतीने. घर तिच्याकडे आणि खारूताईकडे राहील. उरलेले कर्ज ती एकटीच्या नावावर घेईल. त्याचा वाटा ती त्याला हळूहळू देईल, आणि तो दर शनिवारी खारूताईला न्यायला येईल. त्यांनी दोन नियमही केले. एक, खारूताईच्या तोंडून निरोप धाडायचे नाहीत. आणि दुसरा नियम माझ्याबद्दलचा होता. दोघांच्या नावाने आलेले पाकीट एकट्याने फोडायचे नाही. शनिवारी दोघांनी मिळून, समोरासमोर फोडायचे. म्हणून तो एका सोबत्याच्या खोलीवर राहायला गेला, तरी माझी एक किल्ली त्याच्याच खिशात होती. चष्मेवाली अशी पाकिटे चपलांच्या कपाटावर ठेवायची. शनिवारी तो आला की दोघे पायरीवर बसून ती उघडत. तो जाता जाता माझ्या बिजागरीला तेल देई. मला वाटे, हे असेही चालेल की.

पण ते तसे चालायचे नव्हते. कर्जावरून त्याचे नाव काढायला बँकेची मंजुरी हवी होती. ती मिळेपर्यंत त्याला स्वतःच्या घरासाठी दुसरे कर्ज कोणी देईना. त्याने कारखान्याजवळ दोन खोल्या विकत घ्यायला पाहून ठेवल्या होत्या. घरमालकिणीने दोन महिने थांबायचे कबूल केले होते. त्यातल्या लहान खोलीच्या खिडकीतून खेळाचे मैदान दिसायचे. खारूताईने ती खोली आपली म्हणून टाकली होती. पडदा पिवळा हवा, हेही ठरवून झाले होते. टपालवाल्या काकांना तिने फाटकात अडवून सांगितले, "बाबांच्या घरात माझी एक खिडकी आहे."

एका शनिवारी पत्रेवाला माझ्याजवळ उभा राहून चष्मेवालीला म्हणाला, "बँकेचं पत्र आलं की सह्या करून टाकू. मग या पेटीवरचं माझं नावही खरवडतो. लोकांचा गोंधळ नको."

अकरा वर्षे ही दोन नावे मी अंगावर मिरवली होती. एकाला खरवडणार म्हणजे माझे अर्धे अंग सोलणार, असेच मला वाटले. आता खरे सांगते, मला त्यांचा विचार सुचला नाही. मला माझाच सुचला.

बुधवारी दुपारी ते पत्र आले. जाडजूड पाकीट, पुढे पारदर्शक खिडकी, खिडकीत दोघांची नावे. काकांनी ते माझ्या फटीतून आत सोडले. ते पाठीला घासत खाली आले आणि त्याचा एक कोपरा त्या डाख न दिलेल्या फटीत अडकला. अर्धे आत, अर्धे बाहेर. उन्हाने माझा पत्रा फुगला होता आणि फट नेहमीपेक्षा रुंद झाली होती. मी जरा अंग झटकले असते तर पाकीट खाली पडले असते. वाऱ्याने माझी झडप हलत होती, पत्रा कुरकुरत होता, झटकायला निमित्त भरपूर होते. मी झटकले नाही. उलट मी अंग सैल सोडले आणि पाकिटाला आणखी आत घेतले. ते दोन पत्र्यांच्या मध्ये सरळ तळापर्यंत गेले. संध्याकाळी पत्रा निवला, फट आवळली आणि तिचे तोंड बंद झाले.

पत्र्याला कुठे मन असते, असे तुम्ही म्हणाल. इतरांचे मला माहीत नाही. मला होते, आणि ते त्या दिवशी खोटे वागले.

चष्मेवालीने घरी आल्यावर खसकन दार उघडले, हात घातला, विजेचे बिल आणि एका दुकानाची जाहिरात काढली. "आजही नाही," ती पुटपुटली आणि कोपराने दार लावले.

पुढचे आठवडे मी मूग गिळून बसले. शनिवार आला, गेला. पत्रेवाला यायचा, चपलांच्या कपाटाकडे नजर टाकायचा आणि काही न विचारता खारूताईची पिशवी उचलायचा. विचारले तर या घरातून मोकळे व्हायची घाई झाली आहे असे तिला वाटेल, म्हणून तो गप्प. आपण विषय काढला तर त्याचे नाव पुसायची घाई झाली आहे असे त्याला वाटेल, म्हणून ती गप्प. भांडणारी माणसे असती तर पहिल्याच आठवड्यात एकमेकांवर खेकसली असती आणि तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन उभी राहिली असती. ही दोघे फार सभ्य. एकमेकांना जपण्याच्या नादात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला नाही. आणि मी वरून सगळे पाहत होते.

पाचवा आठवडा संपल्यावर चष्मेवालीने शेवटी बँकेत फोन केला. फोन तिने फाटकात उभे राहूनच केला, मोकळ्या हवेत. कर्जखात्यातल्या बाईंचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण तिचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"गेलं म्हणजे? कधी? ... दोघांच्या नावानं, याच पत्त्यावर? ... तीस दिवसांत सह्या हव्या होत्या? ... नाही हो बाई, मिळालं असतं तर आलो नसतो का?"

मंजुरी बाद झाली होती. सगळे पहिल्यापासून करायचे होते. फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या कुलपावर गेली. त्याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे तिला आठवले. मला ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसले आणि मी लाजेने मेल्याहून मेली झाले.

शनिवारी खारूताई पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. आईने तिला आत पाठवले.

"पत्र तू काढून नेलंस?" चष्मेवालीने विचारले.

"मी? मी कशाला नेऊ? मला तर त्याचीच गरज आहे."

"मग गेलं कुठे? किल्ल्या दोनच आहेत."

"दोनच आहेत ना. एक माझी, एक तुझी." त्याचा आवाज चढला. "तुला आता एकटीला कर्ज झेपेना असं वाटत असेल तर तसं सांग. पत्र लपवून काय होणार? घरमालकीण काल म्हणाली, तिने त्या खोल्या दुसऱ्याला दिल्या. कळलं? गेल्या."

"मी लपवलं? मी?"

"मग काय पेटीनं खाल्लं?"

मित्रांनो, हे वाक्य ऐकताना माझे काय झाले असेल, ते तुम्हीच ओळखा. शेजारचे मास्तर पाण्याची झारी हातात धरून उभे होते आणि झारीतले पाणी त्यांच्याच पायांवर सांडत होते. पत्रेवाल्याने जुडग्यातून माझी किल्ली काढली आणि माझ्या डोक्यावर टक्कन ठेवली. "घे. आता एकच राहील," म्हणून तो निघून गेला. खारूताई दारातून हे बघत होती. ती पिशवी उचलून आत गेली आणि त्या शनिवारी ती कुठेच गेली नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

माझी नावे शाबूत होती. तेवढ्यासाठीच मी हे केले होते. आता ती नावे एकाखाली एक होती आणि माणसे एकमेकांचे तोंड पाहत नव्हती.

सातव्या आठवड्यातल्या सोमवारी चष्म्याचे दुकान बंद होते. चष्मेवाली स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. "नको ही पेटी डोळ्यांसमोर," ती स्वतःशीच म्हणाली. तिने एक स्क्रू काढला. मी एका बाजूला कलले. दुसरा काढला आणि मी तिच्या हातांत आडवी झाले. तशी माझ्या पाठीत काहीतरी खसकन सरकले.

ती थांबली. तिने मला कानाशी धरून हलवले. मग घरात जाऊन पर्समधला रुग्णांचे डोळे बघायचा छोटा टॉर्च आणला आणि दोन पत्र्यांच्या फटीत उजेड टाकला. दोघांची नावे तिला दिसली. ती मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांतले दोष सांगणारी बाई ती, पण हे तिला इतके दिवस दिसले नव्हते. नंतर तिने स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या फटीत घातले. एक जोर दिला असता तर पत्रा उचकटला असता. पण तिने टोक बाहेर काढले. पाकीट दोघांच्या नावाचे होते.

ती मला घेऊन बसमध्ये चढली. "पत्र टाकायला पेटीच घेऊन निघालात का?" कंडक्टर म्हणाला. ती हसली नाही.

कारखान्यात पत्रेवाला हातमोजे घालून एका मोठ्या नळाची कड दुमडत होता. तिला पाहून त्याचा चेहरा कडक झाला. "पेटीही परत करायला आलीस?"

"आधी ऐक," ती म्हणाली आणि तिने मला हलवले. खसखस आवाज आला. "पाकीट आहे आत. दोघांच्या नावाचं. म्हणून फोडलं नाही, तुझ्याकडे आणलं."

त्याने मोजे काढले. माझ्या पाठीवरून बोट फिरवत तो त्या फटीपाशी आला आणि तिथेच थांबला. अकरा वर्षांपूर्वीचे राहिलेले काम त्याच्या बोटाला लागले होते. "हे मी उद्यावर टाकलं होतं," तो हळू म्हणाला.

"मीच म्हटलं होतं, उद्या दे म्हणून."

त्याने पत्रा कापायच्या कात्रीने माझी पाठ खालून कापली. दुखले, पण मी ते मुकाट सोसले. पाकिटाच्या कडांना गंजाचे डाग पडले होते. त्याने ते तिच्यापुढे धरले, तिने फोडले आणि दोघांनी उभ्याउभ्या वाचले. मंजुरी होती. तारीख सात आठवड्यांपूर्वीची.

"मला वाटलं, तू नेलंस," ती म्हणाली. "मी तुला चोर समजले रे."

"मी तरी काय केलं? तुला लबाड म्हणालो. तेही पोरीच्या देखत."

"एकदा विचारायला हवं होतं."

"हो. पण आपण फार शहाणे ना."

ती रडली. त्याने इकडेतिकडे पाहून एक स्वच्छ फडके शोधले, ते सापडेना, तेव्हा स्वतःचा रुमाल दिला. चूक आपली म्हणून तो माफी मागत होता, आपली म्हणून ती मागत होती, आणि मी त्यांच्या मध्ये कामाच्या टेबलावर पाठ उघडी टाकून पडले होते. माझी झडप ही माझी जीभ. त्या वेळी ती एकदा जरी वाजली असती, तरी मला थोडे हलके वाटले असते. ती वाजली नाही.

सगळे पूर्ववत झाले असे समजू नका. बँकेत पुन्हा अर्ज करावा लागला, तोवर दर बदलला आणि हप्ता वाढला. चष्मेवालीने आपली सोमवारची सुट्टी सोडली. त्या दिवशी ती आता दुसऱ्या दुकानात डोळे तपासते. पत्रेवाल्याला घर मिळाले, पण लांब. खारूताईच्या खोलीला खिडकी आहे, तिच्यासमोर गोदामाची भिंत आहे. "चालेल," ती म्हणाली. चालणार नसते तेव्हा मुले ज्या आवाजात चालेल म्हणतात, त्या आवाजात. पिवळा पडदा मात्र तिने लावला.

पत्रेवाल्याने माझी पाठ सांधली आणि राहिलेला डाख दिला. मला पुन्हा भिंतीवर लावले. बँकेचे दुसरे पत्र आले तेव्हा मी ते असे खाली आपटले की काका दचकले. शनिवारी दोघांनी ते पायरीवर बसून फोडले. मग त्याने पातळ पाते घेतले आणि माझ्या छातीवरचे आपले नाव सावकाश खरवडले. मला वाटले होते तेवढे दुखले नाही. तिथे आता उघडा पत्रा दिसतो. तो निघाला तेव्हा चष्मेवालीने माझी दुसरी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"तुझ्या नावाचं आता काही यायचं नाही," ती म्हणाली. "पण हिला तेल कोण घालणार?"

तो अजून शनिवारी येतो आणि तेल घालतो. प्रत्येक थेंबाला माझी मान आणखी खाली जाते.

मित्रांनो, वस्तू तुमच्या उपयोगाची असेल तर तिचे राहिलेले काम उद्यावर टाकू नका. पेटी उघडलीत तर हात तळापर्यंत घाला. मनात शंका आली तर तोंडाने विचारा, कितीही अवघड वाटले तरी. आणि दुसऱ्याचे काही तुमच्याकडे आले असेल तर ते त्याला त्याच दिवशी देऊन टाका. ते जवळ ठेवले म्हणजे माणसेही जवळ राहतील, असे मला वाटले होते. मी फक्त एक पाकीट धरून ठेवले, सात आठवडे. तेवढ्यात एका मुलीची खिडकी गेली.